बाभळीला मिठी

चपलेत मोडलेला बाभळीचा काटा आणि आमच्या ग्रुपचे किस्से यांची जात एकच. एक उपसून काढला, झालं म्हणून पाय टेकवावा, तर दुसरा आत बसलेलाच असतो. परवा मैत्रिणींना एकच किस्सा सांगायचा म्हणून सुरुवात केली, तर चहा गार होऊन साय धरली तरी मी बोलतच होते. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. बहुतेक किश्श्यांत गाढवपणा करणारी व्यक्ती मीच आहे, हे आधीच सांगते. आबांनी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

ग्रुपचं नाव 'काटा किर्र'. व्हॉट्सअ‍ॅपवर याच नावानं आहे. सुरुवातीला बरेच जण होते. मग एकेकाच्या गाड्या पंक्चर होत गेल्या. आता दर रविवारी सकाळी न चुकता येणारे आम्ही तिघंच. आबा, शोभाकाकू आणि मी.

आबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखाना सुटला, पण भोंगा त्यांनी घशात घरी आणला. शोभाकाकूंचं पेठ वडगावात भांड्यांचं दुकान. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे त्या दचकल्या की कानडीत दचकतात. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. "चाला म्हणालेत, कुठं ते सांगितलं न्हाय," असं म्हणून त्या आमच्याबरोबर येतात. आणि मी ऋतुजा. कोल्हापूरची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., आणि वडीलधाऱ्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायची ताकद साधारण दीड मिनिट.

आम्ही जातो तो माळ वडगावच्या अलीकडं, आबांच्या गावचं गायरान. बाभळी, हिवर, खाली बोरीच्या जाळ्या, मधूनमधून गवत. रस्त्याकडेला कुठल्यातरी सरकारी योजनेत लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग आहे. तिला काटा नाही, म्हणून गावात तिला मान जास्त. उरलेल्या सगळ्याला गाव 'काटवन' म्हणतं. या काटवनात ससे आहेत, तित्तिर आहेत, मुंगसं, पिंगळे, सातभाई, सुगरणी आहेत. शिवाय खोकड आहे, असं मी छातीठोकपणे सांगायचे. खोकड म्हणजे आपल्या माळावरचा छोटासा कोल्हा, झुबकेदार शेपटीचा, टोक काळं. ते कुणालाच दिसलेलं नव्हतं. मलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावात बातमी फिरली. काटवन साफ करून तिथं ऑक्सिजन पार्क करायचं. लॉन, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव.

मला वाटलं, आबा पेटतील. आबा म्हणाले, "बरं हुईल की. बाभळ म्हंजे काय झाड हाय? झाड म्हंजे वड. जंगल म्हंजे दाजीपूर. ह्यो नुसता काटा."

गोची अशी, की सरपंच वहिनी म्हणजे आबांच्या सख्ख्या पुतण्याची बायको. चुलत सासऱ्याच्या शब्दापुढं ती जाणार नव्हती, आणि आबांनी मान डोलावली की अर्धं गाव डोलावतं. म्हणजे माळ वाचवायचा तर आधी आबा वळवायला हवे होते.

मी कामाला लागले. म्हणूनच एवढे किस्से झाले.

*

पहिल्याच रविवारी मी काट्यांवर लेक्चर दिलं. "आबा, काटा हे झाडाचं धोरण आहे. गुरांपासून पानं वाचवायची, पाखरांना आसरा द्यायचा..." बोलण्याच्या भरात सगळं वजन एका पायावर टाकलं. नवे स्पोर्ट्स शूज, जाड तळ, कंपनीची हमी. काटा हमीसकट आत गेला.

पुढचं लेक्चर मी एका पायावर उभं राहून, आबांचा खांदा धरून पूर्ण केलं. काकू खाली बसून काटा उपसत होत्या.

आबा म्हणाले, "धोरण लई खोल गेलंय गं."

परत निघालो तर स्कूटी दोन्ही चाकांवर बसलेली. वडगावात पंक्चरवाल्याकडं ढकलत नेली. त्यानं चाकाकडं बघितलंच नाही. माझ्या लंगडण्याकडं बघून म्हणाला, "काटवनात गेलतासा व्हय?"

मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही बाभळी वाचवतोय, पार्क होऊ देणार नाही, वगैरे. त्यानं हात पुसले आणि अगदी मनापासून म्हणाला, "वाचवा ताई. एक बी झाड जाऊ देऊ नगा."

चळवळीला मिळालेला हा पहिला पाठिंबा. त्याच्या कारणांच्या खोलात मी गेले नाही.

*

पावसाळ्यात आबांनी वृक्षारोपण काढलं. टेम्पोतून वड, पिंपळ, जांभळाची रोपं आणली. "काटवनात आता जरा झाडं लावूया," म्हणाले. म्हणजे झाडांच्या मधल्या जागेत झाडं.

मी तिथंच भाषण सुरू केलं. माळाला माळच राहू द्या, गवताचीही एक दुनिया असते, प्रत्येक मोकळी जागा भरायलाच पाहिजे का. आबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि माझ्या हातात वडाचं रोप दिलं. "बोलून झालं की हे लाव."

मला इतका राग आला की मी ते रोप नेऊन बोरीच्या आणि बाभळीच्या गचपणात, अगदी मध्यभागी खुपसलं. आबांना पाणी घालायला आत शिरता येऊ नये, एवढाच हेतू. हाताला ओरखडे, ओढणीला खिडक्या. पण समाधान पूर्ण.

दिवाळीनंतर बघतो तर शेळ्यांनी आबांची झाडून सगळी रोपं फस्त केलेली. नुसत्या काठ्या उभ्या. काट्यांच्या जाळीत मात्र माझा वड तरारून वर आलेला. शेळीचं तोंड तिथवर पोचलंच नव्हतं.

मी ताबडतोब घसा साफ केला. "बघितलंत आबा? काटेरी झुडूप म्हणजे रोपांची दाई असते. हा माझा शास्त्रीय प्रयोग होता."

"खोटं बोलू नगंस. रागानं खुपसलंस तू ते. बघितलंय म्या."

एवढं बोलून त्यांनी टोपी मागं सारली आणि त्या वडाकडं बराच वेळ बघत राहिले. मी पुढं काही बोलणार होते. काकूंनी माझा दंड दाबला.

*

ओढ्याकडेच्या बाभळीवर सुगरणींची वसाहत आहे. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन लोंबकळून तपासते, पसंत पडलं तर राहते, नाहीतर निघून जाते. मी आबांना समजावत होते की बाभळीच्या काट्यांमुळं ही घरटी कशी सुरक्षित राहतात. आबा सोडून सगळे ऐकत होते. म्हणजे काकू.

काकू माझ्यासाठी स्थळं बघतात. मी न बघताच नाही म्हणते. हा आमचा वर्षभराचा वाद.

एक मादी आली, घरट्यात डोकावली, बाहेर आली, उडून गेली. नर बिचारा पंख फडफडवत राहिला.

काकू म्हणाल्या, "बघ. ती सुद्धा आत जाऊन बघून मग न्हाय म्हणतीया."



*

एका सकाळी काकू पुढं गेल्या आणि ओरडल्या, "अय्यो शिवने!"

धावत गेलो. बाभळीच्या एका काट्यावर नाकतोडा टोचलेला, दुसऱ्यावर सरड्याचं पिल्लू, तिसऱ्यावर कसलीशी अळी. काकू पार पांढऱ्या पडल्या होत्या. "करणी हाय ही. कुणीतरी गावावर करणी केलीया. हात लावू नको."

मी हसून सांगितलं की ही खाटीक पक्ष्याची करामत. तो शिकार काट्यावर टोचून ठेवतो, मग सवडीनं खातो. एकदम फ्रीजसारखं.

काकू घरच्या लिंगायत. अंडं सुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. मला वाटलं, आता त्या पुन्हा इकडं फिरकणार नाहीत. पण भांड्यांच्या दुकानाचा सगळा कारभार गेली कित्येक वर्षं एकहाती सांभाळणारी बाई ती. जवळ जाऊन बारकाईनं बघत राहिली. मोठं सावज जाड काट्याला, बारकं शेंड्याला, एकाचा धक्का दुसऱ्याला नाही.

"माल नीट लावलाय गं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला दुकानात असं जमंना झालंय."

तेव्हापासून दर रविवारी काकू आधी त्या झाडापाशी जातात. शुद्ध शाकाहारी बाई खाटकाच्या दुकानापुढं उभी राहून विचारते, "आज काय आलंय बघू?"

आबा तेवढ्यापुरते हसले. मग म्हणाले, "खाटकाला काय, काटा कुठं बी मिळंल." मी मनातल्या मनात माळाच्या नावावर फुली मारली.

*

आबांना पुरावा लागतो, म्हणून मी खोकडाचा फोटो काढायचं ठरवलं. एका सीनियरकडून ट्रॅप कॅमेरा मागून आणला. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. तो एका जुन्या बाभळीसमोर बांधला आणि आठवडाभर वाट बघितली. म्हणजे बघायला हवी होती. प्रत्यक्षात मी जवळजवळ रोज संध्याकाळी जाऊन 'नीट चालू आहे ना' ते बघत होते.

रविवारी कार्ड उघडलं. तिघंही लॅपटॉपवर वाकलो. शेळी. शेळीचं नाक. शेळीची जीभ, अगदी जवळून. मग मी. मग शेळी. मग मी, तोंड उघडं, कॅमेऱ्यात डोकावताना.

काकू म्हणाल्या, "ह्या माळावर दोनच जनावरं दिसत्यात."

पण पुढं गंमत होती. रोज पहाटे, उजाडतानाच्या फोटोत, आबा. टॉवेल खांद्यावर, हात वर करून बाभळीची कोवळी काडी मोडताना. एका फोटोत ती काडी तोंडात आणि आबा खुशीत. आबांचं आयुष्यभराचं दातवण ते. या वयातही त्यांचे सगळे दात जागच्या जागी आहेत आणि ऊस ते अजून दातांनीच सोलतात, हे गावाला माहीत आहे. काडी कुठली, ते मला आज कळलं होतं.

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. "आबा, तुम्ही बाभळीला रोज नावं ठेवता आणि रोज पहाटे तिच्याच दारात येता?"

आबांनी फोटो नीट बघितला. "बायकोला बी नावं ठेवतो की मी. म्हणून काय घरातनं घालवली?"

हे मी आबांच्या घरी जाऊन आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "त्येंना म्हणावं, घालवून तर बघा." आबांना तो रविवार जरा जड गेला.

कॅमेरा मी तिथंच ठेवला. खोकडाची आशा सुटली नव्हती.

*

हिवाळा लागला तशी मी घायकुतीला आले. सभा जवळ येत होती आणि आबांचं मत काही बदलेना. अशात ओढ्याच्या चिखलात मला ठसा सापडला. चार बोटं, नखांच्या खुणा, चांगला मोठा.

मी गुडघ्यावर बसले. खोकडापेक्षा मोठा. कोल्ह्यापेक्षाही मोठा. अंगावर काटा आला. लांडगा! हे फक्त मनात म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण मी ग्रुपवर टाकलं, तिथून ते गावाच्या ग्रुपवर गेलं, आणि दुपारपर्यंत शेरडं घरात बांधली गेली.

मी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ठशाचा साचा काढला आणि तो टॉवेलात गुंडाळून, बाळासारखा कुशीत घेऊन आबांच्या अंगणात गेले. त्यांच्यापुढं उघडला. दुर्मीळ प्राणी, राष्ट्रीय महत्त्व, आता कुणाची हिंमत आहे पार्क करायची, असं सगळं एका दमात बोलले.

आबांनी साचा हातात घेतला. उलटा केला. मग दारात झोपलेल्या त्यांच्या कुत्र्याला हाक मारली. "रॉकी, पाय दे."

रॉकीनं पाय दिला. बरोब्बर बसला.

*

मग मी स्लाइड शोचा घाट घातला. शाळेत प्रोजेक्टर होता. गावातल्या बायका आल्या, पोरं आली, सरपंच वहिनी स्वतः पहिल्या रांगेत. माझं गणित सरळ होतं. या माळावर किती प्रकारचं जीवन आहे हे एकदा लोकांनी डोळ्यांनी बघितलं की विषय संपला.

पहिली स्लाइड सशाची. सगळे खूश. दुसरी तित्तिराची. मागून कुणीतरी म्हणालं, "रस्सा झ्याक हुतोय." तिथवर ठीक होतं. मग मी म्हणाले, "आता बघूया आपल्या माळाचं खरं वैभव," आणि घोणस लावली. मग मण्यार. मग फुरसं. मग पाठीवर पिल्लं घेतलेला विंचू, अख्ख्या भिंतीएवढा.

मण्यारीला बायकांनी पोरं मांडीत ओढली होती. विंचवाला पाय वर घेतले.

दिवे लागल्यावर एक आजीबाई म्हणाल्या, "एवढं सगळं हाय व्हय तिथं? आमास्नी ठावंच नव्हतं." मी अभिमानानं मान हलवली. "मग जेसीबी लौकर आणा की गं सरपंच."

लोक गेल्यावर वहिनी थांबल्या. मला वाटलं, रागावतील. त्या खुर्च्या उचलायला लागल्या. "तुमचं मला पटतंय ओ," म्हणाल्या. "पण ह्या गावात बायकांना सांजंचं घटकाभर बसायला एक जागा न्हाय. पारावर गडी, चौकात गडी. पार्क झालं तर निदान बाकड्यावर बसता येईल, एवढंच माझ्या मनात. आन् आबा हो म्हणाल्यावर मी न्हाय कशी म्हणू?"

याची स्लाइड माझ्याकडं नव्हती. मीही खुर्च्या उचलू लागले. नंतर हे सगळं आबांना सांगितलं, चिडूनच सांगितलं, की तुमच्या घरची सून तुमच्यापुढं तोंड उघडू शकत नाही आणि तुम्हाला त्याचं भूषण वाटतं. आबांनी नुसती टोपी झटकली. भोंगा बंद असला की आणखी राग येतो.

*

सभेच्या आधीच्या आठवड्यात सकाळी काकूंचा फोन. "ऋतुजा, काटवनाकडं जेसीबी चाललाय."

अंघोळ अर्धी टाकून मी निघाले. माळावर पोचले तेव्हा जेसीबी पायवाटेवरून आत येत होता. विचार करायला वेळ नव्हता. झाडाला मिठी मारून जंगल वाचवणाऱ्या बायकांचे फोटो मी लहानपणापासून बघत आले होते. समोरच्या बाभळीकडं धावले आणि दोन्ही हातांनी तिला कवटाळलं.

त्या फोटोतल्या झाडांना काटे नव्हते, हे मिठी पूर्ण झाल्यावर आठवलं.

खोडाला ठीक होतं, पण खालच्या फांद्या मागून मिटल्यासारख्या माझ्यावर आल्या. स्वेटर अडकला, ओढणी अडकली, केस अडकले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मी काटे सोसत ओरडले, "आधी माझ्यावरून न्यावा लागेल तुमचा जेसीबी."

तो म्हणाला, "म्याडम, मी पलीकडच्या शेतात चर काढाय चाललोय. वाट हितनं हाय."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर गालाला काटा लागला असता.

"आन् मिठीच मारायची हुती," तो रस्त्याकडं बोट करून म्हणाला, "तर त्या बिनकाट्याच्या झाडाला मारायची की."

काकू आल्या, आबा आले. मला सोडवायला बराच वेळ लागला. काकू एकेक केस सोडवत होत्या, आबा फांद्या धरून उभे होते. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण फांद्या त्यांनी सोडल्या नाहीत. हातावर ओरखडे उठले तरी सोडल्या नाहीत.

"एवढं कशापायी गं?" त्यांनी विचारलं.

मला खरं तर मोठं उत्तर द्यायचं होतं. रडू आलं. "मला हा माळ आवडतो, आबा," एवढंच म्हणाले. वर्षभरात बहुतेक पहिल्यांदाच मी त्यांच्याशी एका वाक्यात बोलले असेन.

आबा म्हणाले, "मान खाली घे. डोळ्यात काटा जाईल."

*

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. काकू आणि मी पाहुण्या म्हणून मागं, सतरंजीच्या कडेला. माझ्या पर्समध्ये भाषण होतं. चांगलं लांबलचक.

काकूंनी ओळखलं असावं. त्यांनी डबा उघडला. "आधी लाडू खा. डिंकाचा हाय. बाभळीचाच डिंक, तुझ्या आवडत्या झाडाचा."

मी भाषणाच्या तयारीत अख्खा लाडू तोंडात टाकला. डिंक तळताना कच्चा राहिला होता. वरचे दात खालच्या दातांना जे चिकटले ते सुटेनात. मी काकूंकडं बघितलं. त्या समोर बघत होत्या. "तू बोललीस की माळाचा एकेक तुकडा जातोय," म्हणाल्या. "आज गप बस."

ग्रामसेवकांनी ठराव वाचला. काटवन साफ करून पार्क करणे. पार्कसाठी सगळ्यात जास्त धडपड होती ती माजी सरपंच तात्यांची. ते हात वर करायच्या तयारीतच बसले होते. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कुणाचं काय म्हणणं असंल तर सांगा," म्हणाल्या, आणि बघितलं आबांकडं. सगळ्यांनीच बघितलं.

मी उठायला गेले. काकूंनी ओढणी धरून बसवलं.

आबा उठले. टोपी नीट केली. "पार्क पायजे," म्हणाले.

मी पर्समधल्या भाषणाकडं हात नेला.

"बायकांस्नी बसाय जागा न्हाय गावात. सून माझी सांगत न्हाय, पर मला कळतंय. पार्क शाळंमागच्या पडीक जागेत करा. पायाखालचं हाय, उजेडाचं हाय." मग ते पुढं आले. "आता ऱ्हायलं काटवन. ज्येला बाभळ नको हाय त्येनं हात वर करू नगा. त्येनं हितं माझ्याशेजारी यायचं आन् गावाला आपलं दात दावायचं. मी माझं दावतो. जन्मभर बाभळीच्याच काडीनं घासल्यात."

आणि आबांनी गावाला दात दाखवले. वरचे, खालचे, दाढांसकट. उन्हात लखलखत होते.

पटांगणात कुणी हलेना. आबांच्या वयाच्या मंडळींनी ओठ आवळून घेतले. गुटख्याची तरणी पोरं मोबाइलमध्ये बघायला लागली. तात्या अर्धवट उठले होते, ते तसेच हळूहळू खाली बसले. परवाच त्यांची कवळी दुरुस्तीला गेल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं.

"कोण येतंय?" भोंगा वाजला.

कोणी आलं नाही. ग्रामसेवकांनी हाताआड तोंड करून विचारलं, "मग ठराव कसा लिहायचा?" वहिनींनी पदर तोंडावर धरला होता, खांदे हलत होते. "आबा म्हणाले तसा," त्या म्हणाल्या. "पार्क शाळेमागं."

सभा उठल्यावर आबा माझ्याजवळ आले. "काय म्याडम, आज काय बोलणं न्हाय?"

मला खूप काही विचारायचं होतं. कधी ठरवलंत, वडाच्या रोपानं की त्या मिठीनं, आणि वर्षभर मला पळवलंत कशाला. दात सुटेनात. मी नुसतं "म्म्म" केलं.

"आसंच बोलत जा," आबा म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं माळावर गेलो. कॅमेरा अजून त्या जुन्या बाभळीसमोर होता. मी कार्ड उघडलं. शेळी. शेळी. शेळीची जीभ. मग एक धुक्यातला फोटो, नुकतं उजाडताना काढलेला.

बाभळीखाली आबा. त्यांच्यामागं कानटोपी घातलेले तात्या. तात्यांच्यामागं ग्रामसेवक. त्यांच्यामागं खांद्यावर टॉवेल घेतलेला जेसीबीचा ड्रायव्हर. सगळ्यात मागं, पदर दातात धरून इकडंतिकडं बघणाऱ्या सरपंच वहिनी. सगळे एका ओळीत, वरच्या काड्यांकडं मान करून.

आणि वहिनींच्या मागं, जरासं अंतर ठेवून, काळ्या टोकाची झुबकेदार शेपटी पायाभोवती गुंडाळून, शांत बसलेलं खोकड.

माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि या वेळी तर लाडूही नव्हता.

काकूंनी चष्मा वर केला, लॅपटॉप जवळ ओढला आणि विचारलं, "ते पण नंबर लावून बसलंय व्हय?"